खासगी शेरा

“ताई, तुमचं सॉफ्टवेअर आता एकदम मस्त झालंय बरं का!”

धुळ्याच्या नलूताई भामरे फोनवर म्हणाल्या. आठ महिने मी त्या कंपनीत काम करत होते. तेवढ्या दिवसांत आमच्या सॉफ्टवेअरला कुणी चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. चांगलं सांगायला कुणी फोन करत नाही.

“काय आवडलं, नलूताई?” मी जरा जपूनच विचारलं.

“अहो, स्थळं किती वाढली! आधी आमच्या केंद्राच्याच तीनशे मुली दिसायच्या. आता ती ‘एकत्रित यादी’ दाबली, की नाशिकच्या खैरनारबाईंच्या, मालेगावच्या, जळगावच्या, सगळ्यांच्या येतात. फोन नंबर, पत्ता, शिक्षण. शेरासुद्धा येतो.”

“शेरासुद्धा?”

“हो ना. खाली बारीक अक्षरात असतो बघा. कुणाचं आधी मोडलंय, कुणाचा भाऊ काही करत नाही... आता चौकशीला माणूस पाठवायची गरजच नाही!”

त्या हसल्या. मी ‘बघते’ म्हणाले आणि फोन ठेवला.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. माणसं सात. आम्ही वधू-वर सूचक केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करायचो. खानदेश आणि नाशिक मिळून एक्केचाळीस केंद्रं ते वापरत होती. सगळ्यांची माहिती एकाच सर्व्हरवर होती. म्हणजे इमारत एक, पण घरं वेगळी आणि प्रत्येक घराला आपलं कुलूप. पंचवटीच्या खैरनारबाईंनी पासवर्ड टाकला, की त्यांना त्यांच्या केंद्रातली मुलं-मुलीच दिसायची. दुसऱ्यांची नाही.

आणि प्रत्येक नावाखाली एक चौकट होती, ‘खासगी शेरा’. दार लोटून घेऊन, समोर बसून आईबापांनी जे सांगितलं ते केंद्राच्या संचालकांनी त्यात लिहायचं. त्या केंद्राबाहेर ते कुणाला दिसणार नाही, असं आम्ही प्रत्येकाला सांगितलं होतं. मी स्वतः सांगितलं होतं. सॉफ्टवेअर तपासायचं आणि केंद्रांना शिकवायचं, दोन्ही कामं माझ्याकडेच होती.

नलूताईंची ती ‘एकत्रित यादी’ आदल्याच आठवड्यात घातलेली होती. मी एका चाचणीच्या खात्यातून आत शिरले आणि यादी दाबली. नऊ हजार नावं. ती यादी ‘तुम्ही कुठल्या केंद्राचे?’ हा प्रश्न कुणाला विचारतच नव्हती.

मी तडक अभिराम सरांच्या केबिनमध्ये गेले. कंपनी त्यांची. दोन फोन टेबलावर, तिसरा कानाला. तो संपेपर्यंत मी उभीच राहिले.

“सर, एकत्रित यादीत सगळ्या केंद्रांचा डेटा दिसतोय. शेऱ्यांसकट.”

“माहितीये मला. पुण्याच्या संस्थेसाठी केलीये ना ती. त्यांना अकरा शाखांची एकत्र यादी हवीये. रविवारी डेमो आहे.”

“पण त्यांच्या अकरा शाखा म्हणजे एकच संस्था. आपली केंद्रं तशी नाहीत. एकाचं दुसऱ्याला दिसायला नको.”

“मग कुणाला दिसलं?”

“धुळ्याला दिसलं. आत्ता फोन होता.”

“तक्रार केली त्यांनी?”

“नाही. त्यांना आवडलं.”

सरांनी हात पसरले. “बघ!”

“सर, ज्यांची माहिती आहे त्यांना विचारा ना, त्यांना आवडेल का.”

“संपदा, सोमवारी करू. डेमोच्या आधी कोडला हात लावायचा नाही. एक काढायला जाशील आणि दुसरं मोडेल. मग रविवारी मी तिथे काय दाखवू? पंचांग?”

“निदान केंद्रांना कळवू या.”

“काय कळवशील? की तुमची गुपितं आम्ही उघडी ठेवलीत? कंपनी बंद करायला निघालीयेस का तू?” मग जरा मवाळ होऊन म्हणाले, “तुझं काम चूक शोधणं. शोधलीस. लिहून ठेवलीस. शाब्बास. आता जा.”

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी पुन्हा गेले. तेव्हा सरांनी मान वर न करता नुसता तळहात दाखवला.

मग मला वाटलं, निदान नलूताईंना तरी सांगावं. आपण सरळ वागलं, की समोरचाही सरळ वागतो असं मी त्या वयात धरून चालत होते. मी फोन लावला.

“नलूताई, ती यादी चुकून दिसतेय. कृपा करून वापरू नका. सोमवारी बंद होईल.”

“बंद होणार?” त्यांचा आवाज एकदम बदलला. “सोमवारी?”

“हो. दुसऱ्या केंद्रांची खासगी माहिती आहे ती.”

“बरं झालं बाई, तू सांगितलंस. नाहीतर राहूनच गेलं असतं. आजच प्रिंट काढून ठेवते.”

“अहो, नलूताई, नाही, तसं नव्हे...”

फोन बंद झाला होता. मी तीनदा लावला. तिन्ही वेळा उचलला नाही.

सोमवारी सकाळी सरांचा पुण्याहून फोन आला. डेमो झकास झाला होता. लगेच पुढचं वाक्य: “खैरनारबाईंचं काहीतरी झालंय. त्यांचा फोन होता मला. आरडाओरडा चाललाय. मी त्यांचं खातं तात्पुरतं बंद केलंय, सुरक्षेसाठी. तू जा आणि शांत कर.”

“काय सांगू?”

“विचार, पासवर्ड कुणाला दिला होता का. बहुतेक तिथूनच फुटलं असेल.”

“सर, तुम्हाला माहितीये कुठून फुटलं ते.”

“मला काहीही माहिती नाही. आणि तुलाही नाही. तू फक्त विचारायचंस.”

वत्सलाबाई खैरनारांचं केंद्र पंचवटीतल्या हिरावाडीत एका स्टेशनरीच्या दुकानावर होतं. साठीच्या बाई, कॉटनची साडी, चष्मा दोरीला बांधून गळ्यात सोडलेला. बावीस वर्षं त्यांनी वह्यांवर काम केलं होतं. त्यांना कॉम्प्युटरवर आणायला मला तीन आठवडे लागले होते, आणि दर वेळी जाताना मला डिंकाचा लाडू हातात घेऊनच निघावं लागायचं. त्या दिवशी त्यांनी ‘बस’ही म्हटलं नाही. टेबलावर एक कागद होता, तो माझ्याकडे सरकवला.

आमच्याच यादीचं पान होतं. पानावर पाच मुली. तिसरीच्या नावाखाली कुणीतरी लाल पेनानं दोन रेघा ओढल्या होत्या.

हर्षला देवरे, वय अठ्ठावीस, पिंपळगावच्या कॉलेजात ग्रंथपाल. त्याखाली बारीक अक्षरात: ‘फिट्स येतात. औषध चालू आहे. आपण कुणाला सांगायचं नाही’

“येत्या गुरुवारी हिचा साखरपुडा होता,” वत्सलाबाई म्हणाल्या. “मुलगा धुळ्याचा. तुषार भामरे. काल त्याचे आईवडील, काका-काकू, सगळे देवऱ्यांच्या घरी आले. हिच्या आईला वाटलं, साड्यांचं बोलायला आलेत. पोह्यांच्या बशा हातात असताना काकूनं हा कागद काढला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. ‘फेफऱ्याची पोरगी गळ्यात मारत होतात,’ म्हणाली.”

“काकू म्हणजे... नलूताई?”

“तीच. तिथलं केंद्र चालवते ना. तिच्या हातात माझ्या केंद्राचा कागद कसा गेला गं?”

मी ती बारीक अक्षरातली ओळ पुन्हा वाचली.

“हर्षला म्हणते, मी तुषारला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तो म्हणतो, मला काही माहीत नव्हतं. आता कुणाचं खरं धरायचं? आणि हा कागद तर त्याच्याच बाजूनं बोलतोय. सांगायचं नाही, असं लिहिलंय. शब्द माझेच आहेत. पुढे-मागे आणखी काही लिहिलं होतं का, ते आठवत नाही. सहाशे मुली आहेत माझ्याकडे. उघडून बघावं म्हटलं, तर तुझ्या साहेबानं माझं खातंच बंद केलंय. सगळ्या जगानं बघितलं, मलाच बघता येत नाही!”

मग त्यांचा आवाज खाली आला. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. कोपऱ्यात पेन्सिलनं पासवर्ड लिहिलेला होता.

“तुझा साहेब विचारत होता, पासवर्ड कुणाला दिला का. दिला नाही गं. पण हा इथे लिहिलाय. येणारा-जाणारा वाचतो. माझ्यामुळेच झालं ना हे?”

मला एकच शब्द बोलायचा होता. ‘नाही.’ तो ओठांपर्यंत आला. सरांचा तो ‘तुलाही नाही’ कानात होता, घरी धाकट्या बहिणीची फी होती, आणि मी म्हणाले, “मी बघते, काय झालंय ते.”

त्यांनी उठून कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, त्याचा तो कोपरा फाडला आणि तुकडे मुठीत धरून बसून राहिल्या. मी जिना उतरले. इतका राग आला होता, की खालच्या दुकानदारानं ‘काय ताई, बरं आहे ना?’ विचारलं, तर त्याच्यावरच खेकसले.

मंगळवारी सकाळी आमच्या प्रोग्रामरनं ती यादी दुरुस्त केली. मी घड्याळ लावून बघत होते. वीस मिनिटं लागली. गुरुवारपासून ज्या वीस मिनिटांसाठी मी भीक मागत होते, ती वीस मिनिटं. सर म्हणाले, “झालं ना? आता खैरनारबाईंचं खातं उघडून दे. नवा पासवर्ड दे. आणि सांग, पुन्हा भिंतीवर लिहू नका.”

मी लॅपटॉप घेऊन हिरावाडीला गेले. वत्सलाबाईंसमोर एक मुलगी बसली होती. सावळी, उंच, खांद्याला कापडी पिशवी. रडून झालेला चेहरा नव्हता तो. झोप न झालेला होता.

“ही हर्षला,” वत्सलाबाई म्हणाल्या. “कॉम्प्युटरवाल्या बाईंना भेटायचंय म्हणाली.”

“मॅडम, मला एकच बघायचंय,” हर्षला म्हणाली. “बाईंनी माझ्याबद्दल नक्की काय लिहिलंय ते. त्या दिवशी मी इथेच, या खुर्चीवर बसले होते. त्या लिहीत होत्या, मी सांगत होते. मी जे सांगितलं ते या कागदावर नाहीये.”

मी खातं उघडलं. तिचं नाव टाकलं. शेऱ्याची चौकट समोर आली आणि मी लॅपटॉप त्या दोघींकडे वळवला. वत्सलाबाईंनी चष्मा लावला आणि सावकाश वाचलं.

“फिट्स येतात. औषध चालू आहे. आपण कुणाला सांगायचं नाही, मुलाला पहिल्या भेटीतच हर्षला स्वतः सांगते. लपवून लग्न करायचं नाही, असा तिचाच आग्रह आहे. चार वर्षांत त्रास नाही.”

खाली तारीख होती. तुषारचं स्थळ येण्याच्या तीन महिने आधीची.

हर्षलानं लाल रेघांचा कागद उचलून पडद्याशेजारी धरला. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

“‘नाही’नंतर तोडलंय,” ती म्हणाली. “हे कुणी तोडलं?”

वत्सलाबाई माझ्याकडे बघायला लागल्या.

कुणी म्हणजे कुणीच मुद्दाम तोडलं नव्हतं. केंद्राची यादी छापली, की एका पानावर पाच मुली बसल्या पाहिजेत, असं सरांना हवं होतं. शेरा लांब झाला, की पाचवी मुलगी पुढच्या पानावर जायची. मीच सुचवलं होतं, शेऱ्याला एकच ओळ ठेवू, बाकीचं छापायचं नाही. पान फार सुबक दिसायला लागलं होतं. मी त्याखाली ‘तपासले, बरोबर’ असं लिहिलंही होतं.

“मी,” मी म्हणाले.

आणि मग सगळंच सांगितलं. पासवर्डचा काही संबंध नाही. यादी सगळ्यांना उघडी होती. मला गुरुवारी कळलं होतं. शुक्रवारी मीच नलूताईंना सांगितलं, की ती बंद होणार आहे, म्हणून त्यांनी घाईघाईनं प्रिंट काढली. काल मी इथे आले होते तेव्हाही मला हे सगळं माहीत होतं.

वत्सलाबाईंनी चष्मा काढला.

“काल माहीत होतं तुला?”

“हो.”

“मी रात्रभर स्वतःला बोल लावत होते. एका पोरीचं आयुष्य माझ्या गबाळेपणानं नासलं म्हणून देवापुढे नाक घासलं. आणि तू ‘बघते’ म्हणून खाली उतरलीस?”



“बाई, राहू द्या,” हर्षला म्हणाली. पण तिनं माझी बाजू घेतली नव्हती. तिला घाई होती. “मॅडम, तुम्ही आत्ता बोललात ते लिहून द्याल? माझा पूर्ण शेरा, तारखेसकट. आणि तो अर्धा कसा छापला गेला ते.”

“कशासाठी?”

“धुळ्याला न्यायचंय. माझा बाप चाळीस वर्षं शाळेत शिपाई आहे, मॅडम. कुणाची टाचणी उचलली नाही त्यानं. परवा चार माणसांत त्याला खोटारडा म्हटलं. तो कालपासून कामाला जात नाहीये. खोलीतून बाहेरच येत नाही.”

मी वत्सलाबाईंकडे कोरा कागद मागितला. त्यांनी तो दिला, पण हातात नाही, टेबलावर ठेवला. मी लिहिलं. ‘ही चूक आमच्या सॉफ्टवेअरची आहे. खैरनारबाईंची किंवा कुमारी हर्षला यांची नाही.’ खाली संपूर्ण नाव लिहिलं, संपदा गायधनी, आणि पद. हर्षलानं दोनदा वाचलं, घडी घातली आणि पिशवीत ठेवलं. निघताना तिनं मला ‘थँक्यू’ म्हटलं नाही. ते बरंच झालं.

बुधवारी सर मला बोलवायच्या आधीच मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. पत्रात काय लिहिलंय ते वत्सलाबाईंनी त्यांना फोनवर सांगितलं होतं.

“कंपनीच्या वतीनं लिहायचा अधिकार तुला कुणी दिला?”

“कुणीच नाही. म्हणून लेटरहेड वापरलं नाही.”

“फार शहाणी आहेस. उद्या ती मुलगी कोर्टात गेली तर?”

“तर मी येईन साक्षीला.”

सरांनी हातातला फोन टेबलावर ठेवला. वाईट माणूस नव्हता तो. सात जणांचे पगार डोक्यावर घेऊन फिरायचा. पण त्या क्षणी मला ते आठवत नव्हतं. मला ‘पंचांग?’ म्हणून हसलेला चेहरा तेवढा दिसत होता.

“आजपासून येऊ नकोस,” ते म्हणाले.

“येत नाही. पण बाकीच्या चाळीस केंद्रांना कळवणार का?”

“त्याची आता गरज राहिली नाही,” ते कडवटपणे म्हणाले. “तुझ्या खैरनारबाई सकाळपासून एकेका केंद्राला फोन लावतायत. आतापर्यंत अकरा जणांचे मला येऊन गेले.”

माझ्या टेबलात एक मग, एक शाल आणि अर्धा बिस्किटाचा पुडा निघाला. गंगापूर रोडनं मी घरापर्यंत चालत गेले. आईला सांगायला दुपार लागली.

गुरुवारी, साखरपुड्याच्या दिवशी, साडेतीनच्या सुमारास अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे गाड्यांचे भोंगे आणि कंडक्टरची ओरड ऐकू येत होती.

“मॅडम, मी हर्षला. धुळ्याच्या स्टँडवर आहे. तुमचा नंबर बाईंकडून घेतला.”

“तुम्ही गेलात? कोण आहे बरोबर?”

“बाबा आहेत. यायला तयार नव्हते. मी म्हटलं, तुम्ही नुसते शेजारी बसा.”

“आणि?”

“पत्र मी वाचलं. पूर्ण. मग तुषारच्या वडिलांनी हातात घेऊन परत वाचलं. ते त्याला म्हणाले, हिनं तुला सांगितलं होतं का?”

“मग?”

“तो टीव्हीकडे बघत बसला. टीव्ही बंद होता. खूप वेळानं म्हणाला, हो. पहिल्याच भेटीत. म्हणाला, रविवारी काकूंनी एकदम कागद काढला, सगळे माझ्याकडे बघायला लागले, मला सुचलं नाही.”

मलाही सोमवारी सुचलं नव्हतं.

“त्याच्या आई रडायला लागल्या. वडिलांनी बाबांचे हात धरले. म्हणाले, देवरेसाहेब, माफ करा, झालं गेलं विसरू, आजचाच दिवस आहे, मुलांचं करून टाकू. काकू आत निघून गेल्या.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“मी त्याला विचारलं, उद्या मला तुझ्या घरात फिट आली आणि सगळे तुझ्याकडे बघायला लागले, तर तुला काय सुचेल?”

पलीकडे एक गाडी मागे घेत होते. कुणीतरी ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत होतं.

“तो काय म्हणाला?”

“काही नाही. मग आम्ही उठलो. बाबांना त्या लोकांनी ‘साहेब’ म्हटलं ना, मॅडम, ते अजून त्यातच आहेत. गेटपर्यंत दोनदा मला म्हणाले, देवरेसाहेब म्हणाला गं तो.”

ती हसली असं मला वाटलं. खात्री नाही. मी म्हणाले, “हर्षला, माझं चुकलं. मला तुम्हाला...”

“चुकलंच,” ती म्हणाली. “त्यासाठी फोन केला नव्हता. बाई म्हणाल्या, तुमची नोकरी गेली. म्हणून सांगितलं. काय झालं ते तुम्हाला कळायला पाहिजे.”

मग फोन कानापासून जरा लांब गेला. तिनं तो बंद केला नव्हता. वडील काहीतरी विचारत होते, आणि ती त्यांना सांगत होती, “हो हो, गाडीला अर्धा तास आहे. बसा इथे. रविवारपासून काही खाल्लं नाहीये तुम्ही. अहो दादा, दोन प्लेट भजी द्या. गरम आहेत ना? मग तीन द्या.”